छपरातली मडकी

इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळात, उन्हाच्या मुलखात आधुनिक इमारती कशा उभ्या राहिल्या, यावर अंजना पीएचडी करत होती. केजच्या पुढच्या एका गावात तिला निजामाच्या बांधकाम खात्याचं जुनं विश्रामगृह सापडलं. सिमेंटचं, सपाट छपराचं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाय टाकला की गार. दोन उन्हाळे हिंडूनही असं काही तिच्या पाहण्यात आलं नव्हतं.

इमारत आता सहकारी सोसायटीच्या ताब्यात होती. संध्याकाळी चेअरमन अर्जुनरावांच्या ओट्यावर चहा घेताना ती भरभरून बोलली. "ही जपायलाच हवी. मी पुरातत्त्व खात्याला कळवते. संरक्षित वास्तू होईल."

"मंग तिथं दुसरं काई बांधता येत न्हाई का?" अर्जुनरावांनी विचारलं.

"एक वीटसुद्धा हलवता येत नाही," ती अभिमानाने म्हणाली.

सकाळी ती मोजायचा टेप घेऊन गेली, तर अर्धी इमारत भुईसपाट झालेली. उरलेल्या भिंतीपाशी जेसीबी घरघरत होता. ती होती तिथे मातीत बसली.

अर्जुनराव जवळ आले. "मॅडम, दुष्काळ हाय. चारा छावणी मंजूर झालीय, सोसायटीला गोडाऊन पायजे. ह्या बारक्या खोल्यांत ट्रक शिरत न्हाई. पुढच्या महिन्यात पाडनार होतो, पन तुमी काल तसं बोललात, म्हनून घाई केली."

शब्द कानावर पडत होते, अर्थ मागून पोचला. ती आली नसती, तर इमारत अजून उभी असती.

तेवढ्यात तिला छपराची तुटकी कड दिसली. वरखाली दोन स्लॅब आणि मधल्या पोकळीत ओळीने पालथी घातलेली मातीची मडकी. गारवा तिथून येत होता. जुन्या नकाशांत याचा मागमूस नव्हता. छप्पर फुटलं म्हणून दिसलं. क्षणभर तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच शिसारी आली.

"दुपारपर्यंत थांबवाल?" तिने विचारलं.

अर्जुनरावांनी ड्रायव्हरला हात केला. तिने मापं घेतली, फोटो काढले. शेजारच्या बायनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि न विचारता टेपचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. दुपारी उरलेलं पडलं. तेही तिने उभं राहून पाहिलं.

आठवड्याने सिरसाळा गावात एका जुन्या इमारतीला तसंच जाड छप्पर दिसलं. ती आत शिरून वर बघत राहिली. दारातल्या माणसाने विचारलं, "काय बघता, बाई?"

"काही नाही," ती म्हणाली. "जरा सावलीला थांबले."