रस्त्याचा मध्य

“मॅडम, मधली खुंटी हितंच मारू न्हवं?” भरमूनं हातोडा उचलत विचारलं.

“मार,” उपासना म्हणाली. नजर मात्र तिनं वहीतून वर केली नाही.

घराच्या ओट्यावर बसलेले यल्लाप्पा उठून आले. याच रस्त्यावर त्यांनी एकतीस वर्षं गँगमन म्हणून खड्डे भरले होते. उपासना त्यांची एकुलती एक लेक, बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर. संकेश्वरला जाणारा हा गावरस्ता आता राज्य महामार्ग होणार होता. त्याला नंबर मिळणार होता आणि नंबराबरोबर रुंदीही: मध्यापासून दोन्ही बाजूंना बारा मीटर.

यल्लाप्पांनी खुंटीजवळची माती चपलेनं बाजूला सारली.

“मधोमध न्हाय ही.”

“आप्पा, तुमी उन्हात कशाला आलाय? जावा आत.”

“रस्त्याखालच्या मोरीच्या मधल्या दगडावर उभी ऱ्हा आन् बघ. दीड मीटर पलीकडं गेलीया खुंटी.”

भरमू हातोडा खाली ठेवून दुसरीकडं बघू लागला. खुंटी तिथं राहिली तर यल्लाप्पांचं घर वाचत होतं आणि समोरच्या रवळूच्या नव्या घरातल्या दोन खोल्या जात होत्या.

उपासनानं आवाज खाली आणला. “ठावं हाय मला, आप्पा. आईच्या हातानं लिंपलेल्या भिंती हैत त्या. पाडा म्हणून मी कसं लिवू?”

यल्लाप्पांनी मोरीकडं बघितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, सुलाबाईंच्या पोटात कळा आल्या, तेव्हा दवाखान्याला निघालेली जीप याच मोरीपाशी चिखलात रुतली होती. रस्त्यावर खडी पडावी म्हणून यल्लाप्पांनी त्याआधी तीन अर्ज दिले होते. रस्त्याला क्रमांक नाही, निधी देता येत नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं. माणसांनी ढकलून जीप बाहेर काढेपर्यंत सुलाबाई मागच्या सीटवर, लेकीच्या मांडीवरच गेल्या. उपासना तेव्हा सातवीत होती.

“तुझी आई ह्या रस्त्यापायी गेली,” ते म्हणाले. “तिच्या भिंतीपायी रस्ता वाकडा करू नगंस. रवळूचं काय चुकलंय?”

उपासना खुंटी उपटायला वाकली. ती निघेना. मग यल्लाप्पाच खाली बसले, खुंटी हलवून हलवून सैल केली आणि लेकीच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात जेसीबी आला. यल्लाप्पांचं सामान आदल्या दिवशीच बेळगावला, उपासनाच्या भाड्याच्या घरी गेलं होतं. “बघायला थांबू नगा,” असं तिनं दोनदा सांगितलं होतं. ते थांबले. रवळूनं खुर्ची आणून ठेवली. तिच्यावर ते बसले नाहीत.

पहिली भिंत रस्त्याच्या अंगाला झुकली आणि त्याच वेळी वळणावरून भरलेली बस आली. यल्लाप्पा भराभर चालत रस्त्यावर गेले आणि घराकडं पाठ करून त्यांनी हात वर केला. बस थांबली. मागं भिंत कोसळली. धूळ त्यांच्या अंगावरून पुढं गेली आणि बसच्या काचेवर बसली. ते हलले नाहीत.

धूळ विरल्यावर ते कडेला झाले आणि ड्रायव्हरला हातानंच खूण केली, जाऊ दे.