मागच्या फळीवरची जागा

"फागूदादा, घाटात कुणाचं नाव घेतलं, तर धुक्यातून खरंच कुणी ओ देतं का?"

मैत्रिणींनी पैज लावून गोदाला हा प्रश्न विचारायला लावला होता. पण तिने तो असा खणखणीत विचारला, की माझे बैलसुद्धा कान टवकारून थबकले.

मित्रांनो, ते बैल ज्या गाडीला जुंपले होते, ती गाडी म्हणजे मी. आज जव्हारात शाळेमागच्या पडवीत पडून असते. कोंबड्या माझ्या चाकाखाली अंडी घालतात. पण माझेही दिवस होते! सुताराने माझ्या फळ्या सागाच्या केल्या. लोहाराने चाकांवर लोखंडी पट्ट्यांची लालबुंद धाव चढवली आणि तिच्यावर पाणी ओतलं, तेव्हा मी अशी किंचाळले की बघायला जमलेली पोरं पळाली. मग वर्षानुवर्षं भात वाहिला, नागली वाहिली. रस्त्यात लोक म्हणत, "गाडी असावी तर अशी!" पुढे संस्थानच्या शाळेने मला घेतलं आणि माझ्यात पोत्यांऐवजी मुली बसू लागल्या. पोती गप्प असतात, एवढाच काय तो फरक.

गाडीला डोळ्यांआधी भार कळतो. कोण कुठे बसलंय, ते मला न बघता सांगता येई. वर्गाची सेक्रेटरी कमू बसली की फळी दणके. मास्तरीणबाई पुढे, गाडीवान फागूच्या मागे. गोदा सगळ्यांच्या मागे, पाय खाली सोडून. तिच्या शेजारची जागा नवशीची होती.

होती म्हणते, कारण आदल्या हिवाळ्यात नवशीचे काका तिला न्यायला आले. लग्न ठरलं होतं. मीच तिला घेऊन निघाले. घाटाचा चढ आला की ओझं कमी व्हावं म्हणून सगळे उतरून चालतात. तशी नवशीही उतरली. धुकं दाट होतं. वर पोचल्यावर काका चढले, नवशी चढलीच नाही. धुकं ओसरलं तेव्हा दरीच्या काठावर तिची पाटी तेवढी मिळाली.

आता गोदाची पाळी होती. ती त्र्यंबकची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. जव्हार संस्थान तिला परमुलूखच, पण बोर्डिंगात राहून ती हट्टाने शिकत होती. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची सुट्टी आली. बाईंनी सहल काढली. शिरपामाळ, मोखाडा आणि शेवटी त्र्यंबक. तेवढ्यात गोदाच्या घरून निरोप आला, की येतेच आहेस तर सामान घेऊनच ये, तुला बघायला पाहुणे येणार आहेत.

"परत येशील ना गं," कमू चिडवायची, "की नुसते लाडूच पाठवशील?"

गोदा हसायची. पण तिचे पाय झुलायचे थांबत, ते मला कळे.

सुरतेला जाताना शिवाजीमहाराज शिरपामाळावर थांबले होते, ते नेमके कुठे बसले असतील, यावरून मुली भांडभांड भांडल्या. मुक्काम मोखाड्याला झाला. रविवारी सकाळी तोच घाट लागला आणि गोदाने तो प्रश्न विचारला.

"या घाटात नाव नाय घ्यायचं गे," फागू म्हणाला. "गे म्हण, अगे म्हण, शिटी मार. नाव नाय."

मुली उतरल्या. धुकं इतकं, की बैलांची शिंगं बैलांपासून सुटी वाटत होती. वर पोचल्यावर बाई म्हणाल्या, "कमू, हजेरी घे. कुणी मागे राहायला नको."

"नावं नको गे! डोकी मोजा नं बसा!"

"डोकी मोजायला आम्ही काय शेळ्या आहोत?" म्हणत कमूने रोजच्या सुरात, रोजच्या क्रमाने नावं घेतली. "गोदा!" "हजर!" "चंद्री!" "हजर!" "नवशी!"

जिभेच्या सवयीने ते नाव निघून गेलं. कमूने तोंडावर हात दाबला.

खालून, दरीच्या बाजूने, धापा टाकत आवाज आला. उशीर झालेली मुलगी वर्गाच्या दारातून म्हणते ना, तसा.

"हजर."

"मीच बोललो गे. गंमत केली," फागू म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

 सगळ्या भराभर चढल्या. आणि मग माझ्या मागच्या फळीवर, गोदाच्या शेजारी, आणखी कुणीतरी बसलं. मी मागे झुकले. बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं गेलं.

"पुढं सरका, गाडी उलार होते!" फागू ओरडला. मुली बाईंना चिकटून बसल्या. गोदाही सरकली. तरी मी मागे कललेली, उलारच.

गोदाने वळून पाहिलं. मग एकटीच मागे आली आणि रिकाम्या जागेवर हात ठेवला. फळी ओली, गार होती. तिने हात काढला नाही. त्र्यंबक येईपर्यंत नाही.

घराच्या दारात आई-अण्णा उभे होते. ओटीवर पाहुण्यांचे जोडे.

"उतर लवकर," आई म्हणाली, "पाय धू. केव्हाचे बसलेत ते."

"ट्रंक उतरव रे," अण्णांनी फागूला सांगितलं. "आता परत कुठे जायचंय तिला!"

गोदा उतरली नाही. माझी फळी तिने मुठीत घट्ट धरली होती.

मित्रांनो, जुन्या गाडीचं मागणं लहान असतं. चाकाला वंगण मिळालं तर बरं, नाही मिळालं तर करकरत का होईना, मी चालेन. पण माझ्यात बसलेल्या पोरीला कुठे जायचंय, ते हाकण्याआधी तिला विचारत जा. नवशीला कुणी विचारलं नव्हतं. तिचा भार मी अजून विसरलेले नाही.

गोदाने मान वर केली. ती बोलू लागली, तसं बैलांच्या मानेवर जू अलगद टेकलं, आणि मागची फळी हलकी झाली.

"आई, अण्णा, ट्रंक उतरवू नका. बुधवारी शाळा उघडेल. कमू माझं नाव घेईल, तेव्हा मी वर्गात बसून 'हजर' म्हणणार आहे. धुक्यातून नाही."