ओट्याची उंची

लायब्ररीत तिला सगळे शिडी म्हणत. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला तिला स्टूल लागत नसे, आणि त्या नावाचं तिला वाईटही वाटत नसे. घरात मात्र तिची उंची कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. फक्त तिच्या कमरेच्या लक्षात होती. स्वयंपाकघरातला ओटा सासूबाईंनी समोर उभं राहून आपल्या मापाने बांधून घेतलेला, अठ्ठावीस इंचांचा; आणि सासूबाई जेमतेम तिच्या खांद्याला लागत. एकोणीस वर्षं शिडी त्या ओट्यापुढे वाकून उभी होती.

मग ओट्याखालचा पाइप फुटला. भिंतीला ओल आली, दोन फरश्या डुगडुगायला लागल्या. ओटा फोडल्याशिवाय गत्यंतर नाही, असं गवंड्याने सांगून टाकलं. फोडायचाच आहे तर सगळं स्वयंपाकघर नव्याने करून घेऊ, असं नवऱ्याने ठरवलं आणि आखणीचं काम बायकोच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. लायब्ररीतल्या रद्द चिठ्ठ्यांच्या पाठीवर ती नकाशे काढायची. सिंक खिडकीखाली घ्यावं, तर खिडकी उघडताना नळाला अडणार. फ्रिज दारामागे ढकलावा, तर दार पुरतं लागणार नाही. जेवताना, बसच्या रांगेत, दात घासताना तिच्या डोक्यात कपाटं इकडून तिकडे सरकत असायची. एकाच गोष्टीत खाडाखोड नव्हती. ओटा चौतीस इंच.

तो आकडा तिने घरात सांगितलाही होता, आणि घोटाळा तिथेच झाला. पडद्याच्या कापडापासून दारावरच्या घंटीपर्यंत कशावरही मत नाही असं ज्यांचं कधी झालं नाही, त्या सासूबाई या वेळी एवढंच म्हणाल्या, की तुम्हाला हवं तसं करा. ना कपाळावर आठी, ना टोमणा. भांडल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. भांडणाची तयारी तिने केव्हाच करून ठेवली होती. नवऱ्याला विचारलं, तर आई नाही म्हणाली का, मग झालं तर, असं म्हणून त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

गवंड्याने विटा आणून गॅलरीत रचल्या. गुरुवारी सकाळी फोडायला येतो, त्याआधी उंची पक्की कळवा, असं बजावून तो गेला.

बुधवारी तिचं कामात लक्ष लागेना. एकाच वाचकाला दोनदा चुकीचं पुस्तक दिलं, तेव्हा ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. दार नुसतंच लोटलेलं होतं. चपला काढता काढता तिला स्वयंपाकघर दिसलं, आणि ती तिथेच थबकली.

सासूबाईंनी ओट्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा रचल्या होत्या आणि त्यांवर फळी टाकली होती. फळीवर त्या भोपळा चिरत होत्या. कोपरं पार खांद्याशी आलेली. सुरीवर जोर पडत नव्हता. फोड अर्धी चिरून अडकायची, मग त्या चवड्यांवर उंच होऊन ती दाबायच्या. जरा थांबून मनगट चोळायच्या आणि पुन्हा सुरी उचलायच्या. मग त्यांनी फळीवर एक पातेलं ठेवलं आणि मान ताणून आत बघायचा प्रयत्न केला. आतलं काही दिसलं नसावं. त्यांनी पातेलं कलतं केलं.

शिडी आवाज न करता बाहेर आली. जिना उतरली, हार्डवेअरच्या दुकानापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. दुकानदार दुसऱ्यांदा बघायला लागला, तेव्हा तिने तिथूनच गवंड्याला फोन लावला आणि ओटा होता तेवढाच ठेवा म्हणून सांगितलं. नक्की ना, असं त्याने दोनदा विचारलं आणि मग बरं म्हणाला.

घरी येऊन तिने मुद्दाम घंटी वाजवली. विटा गॅलरीत परत गेल्या होत्या. भोपळ्याची भाजी झाली होती. फोडी काही जाड, काही बारीक. दोघींनी ती संपवली.

गुरुवारी गवंडी आला तेव्हा नवरा कामावर निघून गेला होता. गवंड्याने हातोडा पिशवीतून काढलाच नाही.

"काल मला या घरातून दोन फोन आले," तो म्हणाला. "वहिनी म्हणतात अठ्ठावीस, आजी म्हणतात चौतीस. आणि दोघींनी बजावलंय, दुसरीला कळू देऊ नका. आता मी कुणाचं ऐकू?"

शिडीने सासूबाईंकडे पाहिलं. "मी काल लवकर आले होते, आई. तुमचे हात पुरत नव्हते."

"हात पुरत नाहीत ते मलाही कळलं. मला चिरायला खुर्ची-टेबल चालेल." सासूबाई ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "तू वाकतेस ते मला पहिल्या महिन्यात दिसलं होतं. बोलले नाही. बोलले असते तर हा फोडावा लागला असता, आणि मला तो फोडू द्यायचा नव्हता. या घरात माझ्या मापाचं एवढंच होतं."

गवंड्याने घसा खाकरला, दोघींना भिंतीला पाठ लावून कोपर दुमडून उभं केलं आणि मापं घेतली. गॅसची बाजू खाली ठेवू, पातेल्यात बघता आलं पाहिजे. सिंक वर घेऊ, तिथेच जास्त वाकावं लागतं, असं म्हणून त्याने भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या, एक एकोणतीसवर, एक चौतीसवर.

"म्हणजे भांडी माझ्याच वाट्याला," शिडी म्हणाली.

"मी काही बोलले का?" सासूबाई म्हणाल्या.

गवंडी हसला, शिडीही हसली, आणि लायब्ररीत जाऊन बसली. तिथे तिचा राग वर आला. चौतीस मिळाले होते, कालची कणवही खोटी नव्हती. पण पहिल्या महिन्यात, हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. पुस्तकांवर शिक्के मारताना तिचा हात एवढ्या जोरात पडत होता, की लोक माना वर करून बघत होते.

संध्याकाळी ती परतली तेव्हा ओट्याच्या जागी उघडी भिंत होती. गवंडी गेला होता. सासूबाई धुळीतच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"मला तुमचा राग आलाय," ती दारातूनच म्हणाली.

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यावरची धूळ हाताने झटकली. "बस. सांग."

ती बसली. नववा महिना भरलेला असताना त्या ओट्यापुढे एक हात कमरेवर ठेवून कशी उभी राहायची, तिथपासून तिने सुरुवात केली. सासूबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ती थांबली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आणखी?"

आणखी बरंच होतं.