झिपऱ्याचे केस आणि आबांचा कापूस

मित्रांनो, मी एक म्हातारा, बुटका, झिपरा कुत्रा आहे आणि मला राग आलेला आहे. राग जुना आहे. पण राखेखालच्या निखाऱ्यासारखा अजून जिता आहे.

माझी आई असोद्याच्या उकिरड्यावरची, तांबूस नि चपळ. बाप भुसावळच्या रेल्वेसाहेबाच्या बंगल्यातला. आईकडून मला तिखट कान मिळाले, बापाकडून आखूड पाय आणि डोळ्यांवर येणारे लांब केस. जीवरामआबांनी मला टोपलीतून घरी आणलं, तेव्हा शेजारचा झुलाल म्हणाला, "आबा, हे कुत्रं हाये का पिंजेल कापूस? याचं तोंड कोन्या बाजूले?"

मी त्याचं धोतर धरलं. मग त्याला तोंडाची बाजू कळली.

आबांच्या घरधनीण शेवंताबाई मात्र हसल्या नाहीत. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून त्या आपली जुनी लाकडी फणी माझ्या अंगावरून फिरवायच्या. कानातली कुसळं काढायच्या, बोटांतले गोखरू, मानेवरचे गोचीड. आणि गुणगुणायच्या:

उंबऱ्यात माझ्या बसे, झिपऱ्या दाराची कडी,
त्याच्या एका भुंकन्यानं, साप धरे वाट वाकडी.

त्या ओवीपायी मी काय नाही केलं? उंदीर मारले, साप अडवले, त्या जेवल्याशिवाय भाकरीला तोंड लावलं नाही.

मग एका कार्तिकात त्या भावजयीच्या बाळंतपणाला पहूरला गेल्या. फणी खुंटीवर राहिली. इकडे वेचणी झाली, खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली. आबांनीच मला उचलून ढिगावर ठेवलं. "बस रे झिपऱ्या. उंदीर घर करतीन, मांजर वितीन. कोनाले येऊ देऊ नको."

बसलो. कुणी सांगितलं म्हणून बसलो, हे ध्यानात ठेवा!

पण माझ्या अंगाला फणी कोण लावणार? केसांच्या जटा झाल्या. खाज सुटली. खाजवलं की केस झडत. मी खुंटीखाली जाऊन भुंकलो, पुन्हा पुन्हा भुंकलो. आबा म्हणाले, "गप रे! उगा कल्ला करतं."

कापूस गाडीत भरून आबा आणि झुलाल जळगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेले. संध्याकाळी गाडी भरलेलीच परत आली. वर शेवंताबाई बसलेल्या. त्यांना स्टेशनावरून घेतलं होतं. आबांचं तोंड काळवंडलेलं. जिनातल्या पारख्यानं मूठभर कापूस उपसला, त्यातून लांब तांबूस केस ओढला आणि सगळ्या गाडीवाल्यांसमोर विचारलं होतं, "पाटील, कापूस इकता का कुत्रं?"

शेवंताबाई हातपाय धुवायला आत गेल्या. आबा ओरडले, "झुलाल, पोतं आन! या बेण्याले तापीच्या पल्याड सोडून ये."

झुलालनं पोत्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आत उंदीर असेल. मी आपणहून शिरलो. मित्रांनो, आपणहून! आणि वरून गाठ पडली.

मी ओरडलो. बाहेरून आवाज आला, "झुलाल, ठेव ते पोतं खाली."

शेवंताबाईंनी गाठ सोडली. मला उंबऱ्यावर घेतलं आणि फणी चालवली. जट निघे, मी कण्हे. शेजारी केसांचा ढीग वाढत गेला.

"याले कापसावर कोनं बसवलं?" त्यांनी विचारलं.

आबा डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"फनी कुठी होती?"

"खुट्टीले," आबा पुटपुटले.

"मंग खुट्टीलोक हात पुरला नही तुमचा? केस याचे, पन आळस तुमचा. पोत्यात कोनाले घालाचं, सांगा बरं!"

झुलाल हसू दाबत म्हणाला, "आबा, पोतं लहान पडीन."

आबांनाही हसू फुटलं. मग ते खाली मान घालून कापसापाशी बसले. तिघांनी मिळून एकेक केस वेचला. मला अंगणात बांधून ठेवलं होतं. कापूस पुन्हा जिनात गेला आणि या खेपेला तिथंच राहिला.

माझी माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी आबा फणी घेऊन उंबऱ्यावर बसले. हात आडदांड, कातडी ओढली जायची. मी गुरगुरलो, पण चावलो नाही.

मित्रांनो, आमचे केस तुम्हाला गोजिरे वाटतात म्हणून आम्हाला घरी आणता. मग ते विंचरायचे कुणी? आमचे कान लोंबतात, त्यांत कुसळ शिरलं तर आम्हाला हात नाहीत. आम्ही भुंकून सांगतो, तुम्ही 'गप' म्हणता. आता मला दिसत नाही, दातही उरले नाहीत. लाड नकोत, ओवीही नको. एवढंच करा: पोत्याला हात घालण्याआधी खुंटीकडे बघा.