आठ जणींचा पहारा

पौष लागला की झुंबरबाईच्या गावात म्हातारी माणसं तेवढी उरत. हातपाय धड असलेली सगळी राहुरीकडं ऊस तोडायला गेलेली असत. आणि डोळ्यांचं शिबिर नेमकं तेव्हाच भरे, कारण थंडीत जखम चिघळत नाही असं डॉक्टर म्हणत.

एकाहत्तर साली शिबिर सोनईच्या शाळेत होतं. शेजारच्या गोजरबाईचं बोट धरून झुंबरबाई एस.टी.नं जाऊन तपासून आली. मोतीबिंदू पिकलाय, गुरुवारी काढू, असं डॉक्टर म्हणाले. कारकुनानं मात्र बजावलं, "आठ दिवस उताणं निजायचं, मान हलवायची नाही. भरवायला माणूस आणा, तरच नाव लिहितो."

माणूस आणायचं कुठून? मुलगा सूर्यभान आणि सून, ऊसतोडीच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. सून आली की कोयता मोडला, मुलालाही फडावरून उठावं लागणार. वर्षाची भाकरी तर तिथलीच. झुंबरबाईनं निरोप धाडलाच नाही.

एकादशीला मारुतीच्या देवळात कीर्तन झालं. बुवांनी विठ्ठल असा उभा केला की साऱ्यांचे डोळे त्यांच्या हातवाऱ्यांबरोबर फिरत होते. झुंबरबाईचे तेवढे भिंतीकडं लागलेले.

कीर्तन उठल्यावर वीणेकरी गहिनीनाथबाबांनी विचारलं, "काय झुंबरबाई, कवा काढायचा मोतीबिंदू?"

"ऱ्हाऊ द्या बाबा. ह्या वयात बघायचं काय राह्यलं? देव कानानं ऐकू येतोय की."

बोलणं भाविक होतं. दोघीतिघींनी माना डोलावल्या. गोजरबाईनं नाही.

"देवळात बसून खोटं बोलती ही. संगं ऱ्हायला माणूस न्हाई म्हणून नाव लिवलं न्हाई. येताना सारा रस्ता रडली."

झुंबरबाईनं पदर तोंडावर ओढला.

"सप्त्यात सात दिवस वीणा भुईला टेकू देत न्हाई आपण," बाबा सावकाश म्हणाले. "पाळीपाळीनं पहारा करतो. ही म्हातारी काय वीणेपक्षा जड हाय?"

"वीणा आमच्या हातात कवा दिली व्हय?" बायकांतली चांगुणा म्हणाली.

"मग ही धरा."

आठ दिवस, आठ जणी. नेम सप्त्याचाच. पुढचीनं येऊन झुंबरबाईचा हात हातात घेतल्याबिगर आधीचीनं उठायचं नाही.

गुरुवारी पहिला पहारा गोजरबाईचा. कारकून अडून बसला, "रोज नवं माणूस चालत नाही."

"माणूस एकच हाय दादा. तोंडं तेवढी आठ."

डॉक्टर हसले. नाव लिहिलं गेलं.

चौथ्या दिवशी एस.टी. वाटेत बंद पडली. चांगुणाचा पहारा संपला, पण पुढच्या पाळीच्या भीमाबाईचा पत्ता नाही.

"जा गं, शेळ्या उपाशी असतील," झुंबरबाई पुटपुटली.

"गप पड. हालू नको."

दिवस कलताना भीमाबाई पायी चालत आली, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. तिनं आधी झुंबरबाईचा हात धरला, मग पाणी मागितलं.

पट्टी सुटायची म्हणून आठही जणी आल्या. डॉक्टरांनी डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. धुकं विरलं आणि अगदी पुढ्यात गोजरबाईचं तोंड आलं. झुंबरबाई बघतच राहिली.

"गोजरे, किती गं वाळलीस."

"तू लई गुबगुबीत हाईस व्हय?"

सगळ्या हसल्या. झुंबरबाई हसली नाही. गोजरबाईच्या एका बुबुळात पांढुरकं साचलेलं तिला दिसत होतं. तिनं गोजरबाईचं मनगट धरलं आणि तिला हळूहळू कारकुनाच्या टेबलापाशी नेलं.

"पुढल्या शिबिराला हिचं नाव लिवा," ती म्हणाली. "संगं माणूस मी हाय."