मार्कर नॉर्मल

राळेगावच्या इंदूबाईंचा डावा स्तन कॅन्सरपायी काढला, त्याला काही वर्षं झाली होती. नवरा त्याआधीच गेलेला. एकुलती मुलगी प्रेरणा पुण्याला नोकरीला. आईजवळ राहता येत नाही याची टोचणी तिला होती, म्हणून ती तिथूनच अधूनमधून आईची रक्ततपासणी लावायची. आजार परतला की रक्तातल्या ट्यूमर मार्करचा आकडा वाढतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

लॅबवाला घरी येऊन रक्त नेई. रिपोर्ट परस्पर प्रेरणाच्या मोबाइलवर जाई आणि आईला मेसेज येई, 'मार्कर नॉर्मल'. मग बरेच दिवस तिचा फोन नसे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला जाणंही हळूहळू सुटलं.

सोयाबीन निघालं त्या सुमारास इंदूबाईंची कंबर धरली. शिलाई मशीनवर बसवेना.

"कंबर लय दुखून राह्यली वं," त्या फोनवर म्हणाल्या.

"आताच तर रिपोर्ट नॉर्मल आला, आई. मशीन कमी चालव ना."

पोरीचा जीव निर्धास्त आहे, त्याले कायले घोर लावायचा? त्यांनी विषय पुन्हा काढला नाही. शेजारच्या फरहानं विचारलं तरी "वय झालं" म्हणून हसण्यावारी न्यायच्या. दार लावलं की मात्र भिंत धरून चालायच्या, आणि कण्हायचं तेही हळू, जसं काही घरात कोणी झोपलंय.

एका सकाळी खाटेवरून उठवेना. कशाबशा उठल्या, एसटीनं यवतमाळला गेल्या.

"इतके दिवस अंगावर काहून काढलं, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रिपोर्ट चांगला होता ना, बाई."

स्कॅन झाला. आजार हाडांत उतरला होता.

"आकडा चांगला म्हणजे आजार नाही, असं नसते," डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "पसरलेल्या आजारावर औषध लागू पडते का, हे पाहायला तो मार्कर काही बायकांच्या कामी येते. तुमच्यात तो वाढतच नाही. आता दुखलं की तुम्हीच सांगायचं. हा आजार मुळातून जाणार नाही, पण गोळ्यांनी आवरता येईल."

बाहेरच्या बाकावर बसून इंदूबाईंनी प्रेरणाला फोन लावला. ती रडली, दुसऱ्या दिवशी आली, रजा होती तोवर राहिली आणि गेली.

आता तिचा फोन रोज संध्याकाळी येतो.

"दुखते का, आई?"

पहिल्या दिवशी इंदूबाई सवयीनं "नाही" म्हणाल्या. प्रेरणानं तेच पुन्हा विचारलं. मग त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"दुखते, पोरी. लय दुखते. अन् घरात कोणीच नसते."

प्रेरणानं फोन ठेवला नाही. तिच्या खिडकीखालची गाड्यांची वर्दळ इंदूबाईंना इथं ऐकू येत राहिली. त्या तशाच, मोबाइल कानाला लावून, अंधार पडेस्तोवर बसून होत्या.