फौजदाराचे शेजारी

कात्रीभाऊच्या सलूनमध्ये समोरासमोर दोन मोठे आरसे होते. खुर्चीत बसलेल्या माणसाला पुढेही तोच, मागेही तोच आणि त्याच्याही मागे तोच, अशी स्वतःची अख्खी पलटण दिसायची. एकदा म्हणे एक गिऱ्हाईक त्या गर्दीत आपण नेमके कोणते हेच विसरलं आणि भलत्यालाच घरी पाठवून स्वतः संध्याकाळपर्यंत बसून राहिलं. खोटं वाटत असेल तर त्याला विचारून या. फक्त कोणत्याला विचारायचं ते आधी ठरवा.

कात्रीभाऊ हे त्याचं खरं नाव नव्हे. जीभ आणि कात्री एकदमच चालायची, एक थांबली की दुसरी थांबायची, म्हणून पडलेलं नाव.

सासूबाई गेल्या आणि बायकोने आपल्या वडिलांना इकडेच आणलं. सासऱ्यांना कात्रीभाऊ मामा म्हणायचा. मामा आले ते एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन. बरणीत लालभडक फायटर मासा. सासूबाईंचा लाडका. त्या त्याला फौजदार म्हणायच्या आणि दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायच्या. त्यांच्या गप्पा ऐकून ऐकून त्याला म्हणे भाजीचे भावसुद्धा पाठ झाले होते.

मामा काही बोलायचे नाहीत. सलूनच्या बाकावर बसून राहायचे. बॅगही बाकावर शेजारीच ठेवायचे, ती कधी रिकामी करायचे नाहीत. लागेल तेवढं वरचं काढायचं आणि परत चेन लावायची.

"मामा, कपाट रिकामं केलंय तुमच्यासाठी," कात्रीभाऊ म्हणाला.

"असू दे. हा बरणीत नुसता पडून असतो. एकट्याने करमत नाही त्याला. इथे सोबत मिळाली, रमला, तर बघू. नाहीतर आम्ही दोघं आपले घरी बरे."

कोणाला करमत नव्हतं ते कात्रीभाऊला कळलं. बायकोने स्वयंपाकघरात गाठून वर बजावलं, "बाबा त्या रिकाम्या घरात परत गेले तर माझं इथे कशात लक्ष लागायचं नाही. काय करायचं ते कर."

कात्रीभाऊने मोठी टाकी आणली. वाळू, हिरवी झाडं, पाणी कोमट ठेवणारा हीटर, सगळं आणलं. टाकी ठेवली सलूनमधल्या पुढच्या आरशाला टेकवून, अगदी मधोमध. एवढा मानाचा पाहुणा, त्याला काय कोपऱ्यात ठेवायचा?

मग तो शोभेच्या माशांच्या दुकानात गेला. दुकानाच्या मालकीणबाई फार सरळ बोलायच्या. पाटीवर मासा बघून कुणी 'साफ करून देता का' असं विचारलं, की त्या विचारणाऱ्यालाच साफ करून पाठवायच्या.

"फायटर मुळात एकलकोंडा," त्या म्हणाल्या. "सोबत जमली तर जमली. पण त्याच्यासारखी झुपकेदार शेपटी असलेला कुणी नको. त्याला वाटतं, दुसरा फायटरच आला घरात घुसून."

कात्रीभाऊने मान डोलावली आणि गप्पी मासे उचलले. लांब, रंगीत, झुळझुळीत शेपट्या. "काय स्टेपकट आहे बघा," म्हणाला. जन्मभर डोकी पाहिलेला माणूस. मासेही त्याने केस बघूनच निवडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा बॉयकट झाला होता. एक तर पाण्यातल्या झाडामागून बाहेर यायलाच तयार नव्हता, लाजत असावा.

कात्रीभाऊ गप्पी परत द्यायला गेला. बाई म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं हो."

"गिऱ्हाइकाचं ऐकता तसं? त्याने थोडे कमी म्हणायचं आणि तुम्ही टक्कल करायचं?"

या वेळी बाईंनीच निवडलं. वाळू उकरत फिरणारे मिशीवाले मासे, ते तळमजल्याला. आखूड शेपटीचे, टोळीने हिंडणारे रास्बोरा, ते मधल्या मजल्याला. "वरचा मजला फौजदाराचा. कुणी कुणाच्या जिन्यात उभं राहणार नाही."

मिशीवाल्यांवर कात्रीभाऊ बेहद्द खूष. पण फौजदार काही निवळेना. दिवसभर गाल फुगवून काचेवर धडका. दमला की राग रास्बोरांवर. बिचारे एका कोपऱ्यात गोळा होऊन उभे. दाणे तसेच तरंगत.

मामांनी दोन दिवस पाहिलं. मग बॅगची चेन वाजली. "उद्या निघतो. नाही जमत त्याला चारचौघांत."

"मामा, थोडं थांबा की."

"बळजबरीने का कुणी रमतं?"

कात्रीभाऊ खुर्चीकडे वळला. खुर्चीत एक जाडजूड गिऱ्हाईक होतं, त्याचं उरकायचं होतं. मानेवरचे केस झटकले आणि नेहमीसारखा हातातला आरसा मागे धरला, मान दाखवायला. तशी टाकीत फौजदाराने अशी धडक मारली, की पाणी उसळून गिऱ्हाइकाच्या कॉलरवर. कात्रीभाऊने आरसा खाली घेतला. फौजदार जरा सैलावला. आरसा वर केला. परत गाल फुगले.

"झालं की मानेचं," गिऱ्हाईक म्हणालं. "किती वेळा दाखवाल? लग्न जमवायचंय का मानेचं?"

कात्रीभाऊ गुडघ्यांवर बसला आणि टाकीच्या काचेला गाल लावून, माशाच्या उंचीवरून त्याने आरशात बघितलं. पुढे फायटर. मागे फायटर. त्याच्याही मागे, पार दूरवर, रांगेने लाल फायटर, सगळे गाल फुगवलेले. कात्री थांबली होती, जीभही थांबली.

मग हळूच म्हणाला, "मामा, जरा इकडे या. हा शेजाऱ्यांशी भांडतच नाहीये. मी त्याच्यासमोर फौज उभी केलीय. आणि वर आणखी एक आरसा नाचवतोय."

मामा वाकले. त्यांनीही काचेला गाल लावला. "आणि हा गडी एकटा लढतोय होय," म्हणाले.

दोघांनी मिळून पाणी उपसलं. बादल्या मामांनीच धरल्या. जावयाला उचलू दिल्या नाहीत. टाकी गेली बाकाच्या टोकाला, साध्या भिंतीशी, जिथे मामा बसायचे. फौजदाराने एक गिरकी घेतली, आणखी एक घेतली. दुश्मन कुठेच नाही. शेवटी एका रुंद पानावर जाऊन तो टेकला, सुट्टीवर आल्यासारखा. रास्बोरांची टोळी कोपऱ्यातून निघून त्याच्या नाकासमोरून गेली. त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. संध्याकाळी दाणे टाकले ते सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको डबा घेऊन आली तेव्हा मामा टाकीशी वाकून बोलत होते. भाजी महागल्याचं सांगत होते. तिला बघून ताठ झाले.

"बाबा, आज निघणार होतात ना?" तिने मुद्दाम विचारलं.

मामांनी मानेवरून हात फिरवला. केस कॉलरपर्यंत आले होते. जावयाकडे कापून घ्यायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. जावयापुढे मान खाली घालणार नाही म्हणायचे. उठले आणि गुपचूप खुर्चीत जाऊन बसले. मान खाली घातली.

"थोडे कमी कर. टक्कल नको."

कात्री चालू झाली आणि जीभही. काम संपल्यावर सवयीने कात्रीभाऊचा हात आरशाकडे गेला.

"तो राहू दे," मामा म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागलाय फौजदाराचा. आणि ती माझी बॅग घरी ने बघू बाकावरून. गिऱ्हाइकांनी बसायचं कुठे?"